तेलाच्या वाटेवरची पानेवाडी

मनमाडहून भुसावळकडे निघालेल्या गाडीला पहिले स्टेशन लागते ते पानेवाडी. नांदगाव तालुक्यातले हे लहानसे गाव. जलद गाड्या इथे थांबत नाहीत आणि नाशिक शहरातल्या पुष्कळांनी गावाचे नावही ऐकलेले नसते. उत्तर महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या पेट्रोल पंपांची भिस्त मात्र या शिवारावर आहे. सरकारी तेल कंपन्यांच्या मोठमोठ्या पांढऱ्या टाक्या इथे उभ्या आहेत आणि डेपोच्या फाटकाबाहेर पहाटेपासून टँकरची रांग लागते. जानेवारी २०२४ मध्ये ‘हिट अँड रन’च्या नव्या कलमाविरोधात टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा बघता बघता गावोगावच्या पंपांवर रांगा लागल्या. आपल्या गाडीतले तेल कुठून येते, हे अनेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

हे तेल इथवर आले कसे, आणि सांडले, पेटले, चोरले गेले तेव्हा काय झाले, हा नाशिक जिल्ह्याच्या इतिहासाचाच भाग आहे. आपण द्राक्षे, कांदा, कुंभमेळा आणि नोटांचा छापखाना यांच्या गोष्टी सांगतो. तेलाची सांगत नाही.

मुंबईत माहुलला तेलशुद्धीकरण सुरू झाले ते १९५०च्या दशकाच्या मध्यावर. आधी एस्सोचा कारखाना आला आणि १९५५ मध्ये बर्मा शेलचा. बर्मा शेलचे १९७६ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यातून आजची भारत पेट्रोलियम उभी राहिली. माहुलचे तेल देशावर आणायचे तर मध्ये सह्याद्री उभा. रेल्वेच्या टाक्या थळ घाटातून चढवाव्या लागत. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. तो चढताना गाडीला मागून बँकर इंजिनांचा रेटा द्यावा लागतो. रस्त्याने यायचे तर कसारा घाटाची वळणे. तेलाने भरलेली टाकी घाटातून नेणे म्हणजे काय, हे घाटात नोकरी केलेल्या गार्डला आणि ड्रायव्हरला विचारावे. टाकीत जागा रिकामी राहिली असेल तर वळणावर आतले तेल उसळून एका अंगाला जाते आणि गाडीला आपल्याबरोबर खेचते.

१९९८ मध्ये मुंबई-मनमाड पाइपलाइन सुरू झाली. माहुलपासून मनमाडपर्यंत सुमारे २५० किलोमीटर तेल जमिनीखालून येऊ लागले. पुढे हीच वाट इंदूरजवळच्या मांगल्यापर्यंत आणि तिथून दिल्लीजवळच्या बिजवासनपर्यंत गेली. घाटातला धोका त्यामुळे पुष्कळ कमी झाला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण धोका संपला नाही, त्याची जागा बदलली. तो शेतांच्या खाली गेला आणि पानेवाडीत येऊन साठला. तिथून पुढे पुन्हा टँकरवर स्वार होऊन तो रस्त्यावर निघाला.

पाइपलाइन ज्या शेतातून जाते त्या शेतकऱ्याची जमीन त्याच्याच नावावर राहते. १९६२च्या कायद्याने सरकार फक्त वापराचा हक्क घेते. त्या पट्ट्यात कांदा लावा, बाजरी पेरा. पण घर बांधायचे नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचे नाही. झाडाची मुळे नळीपर्यंत जातात आणि विहिरीचा सुरुंग नळीला तडा देतो. ठरावीक अंतरावर खांब असतात, त्यांवर सावधानतेची सूचना आणि फोन नंबर. कंपनीची माणसे हा पट्टा पायी तपासत फिरतात. कुठे माती नव्याने उकरलेली दिसते का, पीक एखाद्याच ठिकाणी जळाल्यासारखे पिवळे पडले आहे का, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग आहे का, हे ती पाहतात. गळतीची पहिली बातमी पुष्कळदा यंत्राच्या आधी अशा माणसाकडून किंवा त्या शेतातल्या शेतकऱ्याकडून येते.

इथे पेट्रोलचा स्वभाव सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. उणे ४० अंशांच्याही खाली त्याची पेटण्याजोगी वाफ सुटत असते. नाशिकच्या कडाक्याच्या थंडीतही ती सुटणारच. ही वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत पसरते, उताराने वाहते, गटारात, चरात, तळघरात साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तर एक ठिणगी पुरते. म्हणजे तेल एकीकडे सांडलेले असते आणि ठिणगी शंभर-दोनशे मीटर दूर कुणाच्या तरी चुलीत, मोटारीत किंवा बटणात असते. शिवाय पेट्रोल पाण्यावर तरंगते. जळत्या पेट्रोलवर पाण्याचा फवारा मारला तर ते विझत नाही, पाण्याच्या पाठीवर बसून पुढच्या दारापर्यंत जाते. म्हणून त्याला फेस लागतो. फोमचा थर पसरून वाफ दाबायची, हवा तोडायची.

आपल्या कायद्याने तेलाचे वर्ग त्याच्या ज्वलनबिंदूवरून केले आहेत. २३ अंशांखाली पेटणारे ते ‘अ’ वर्गातले, म्हणजे पेट्रोल. २३ ते ६५ अंशांमधले ‘ब’ वर्गातले, म्हणजे रॉकेल आणि डिझेल. त्यापुढचे ‘क’ वर्गातले. हे परवाने देणाऱ्या केंद्रीय स्फोटके विभागाचे, आजच्या पेसोचे, मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. आगीशी लढणारे अधिकारी घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही १९५७ पासून नागपुरातच आहे. म्हणजे या विषयाचे पुस्तकी ज्ञान महाराष्ट्राला परके नाही.

गळती सुरू झाल्यापासून ठिणगी पडेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात कोण काय करतो, यावर सगळे ठरते. हा वेळ कधी दोन तासांचा असतो, कधी दोन सेकंदांचा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या तळघरात कापसाने पेट घेतला, तेव्हा पहिल्या धुरापासून सायंकाळी चार वाजून सहा मिनिटांच्या स्फोटापर्यंत तासांच्या हिशेबाने वेळ होता. जहाजात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता, वंगणतेलाची पिंपेही होती. जहाज समुद्रात न्यायचे की बुडवायचे, हा निर्णय वेळेत झाला नाही. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

पानेवाडीसारख्या डेपोंसाठी मात्र खरी कलाटणी आली ती २९ ऑक्टोबर २००९ ला, जयपूरमध्ये. तिथल्या सीतापुरा भागात इंडियन ऑइलचा डेपो होता. त्या संध्याकाळी शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या डेपोला पेट्रोल पाठवायचे होते. काम रोजचेच. टाकीपासून निघणाऱ्या नळीवर ‘हॅमर ब्लाइंड’ नावाचा जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह होता. या व्हॉल्व्हमध्ये नळी बंद ठेवण्यासाठी एक लोखंडी तबकडी आडवी बसवलेली असते. नळी चालू करायची तर वरचे तोंड उघडून ती तबकडी काढायची आणि भोक असलेली दुसरी बसवायची. ही अदलाबदल चालू असताना नळीला वरून सरळ हवेत उघडणारी फट असते. म्हणून त्या वेळी टाकीकडचा व्हॉल्व्ह बंदच पाहिजे. त्या संध्याकाळी तो उघडला गेला. फटीतून पेट्रोलचा कारंजा उडाला.

काम करणारा ऑपरेटर त्या माऱ्यात सापडला आणि वाफेने गुदमरला. त्याला वाचवायला गेलेला सहकारीही आत टिकला नाही. टाकीचा मोटरवर चालणारा व्हॉल्व्ह दुरून, कंट्रोल रूममधून, बंद करता आला असता तर सगळे तिथेच थांबले असते. पण ती सोय चालू अवस्थेत नव्हती. श्वासाचा संच चढवून आत शिरणारा माणूस वेळेवर उभा राहिला नाही. सुमारे सव्वा तास पेट्रोल वाहत राहिले. हजारेक टन पेट्रोल आवारात पसरले, त्याची वाफ डेपोभर साचली आणि साडेसातच्या सुमारास कुठूनतरी ठिणगी मिळाली. आसपासच्या कारखान्यांच्या काचा, पत्रे, भिंती गेल्या. ११ माणसे मेली, त्यातली काही डेपोबाहेरची होती. टाक्यांमागून टाक्या पेटल्या. एवढी मोठी आग विझवण्याइतका फोम आणि पाणी जवळ नव्हते. शेवटी तेल जळून जाऊ द्यायचे ठरले. आग ११ दिवस चालली आणि सुमारे ६० हजार किलोलिटर तेल जळाले.

त्या सव्वा तासाचा विचार करावा. ७५ मिनिटे हा थोडा वेळ नाही. एवढ्या वेळात वीज तोडता येते, रस्ते बंद करता येतात, शेजारच्या कारखान्यांना उठवता येते. हे का झाले नाही याची चौकशी एम. बी. लाल समितीने केली आणि शंभराहून जास्त शिफारशी केल्या. हॅमर ब्लाइंड काढून टाका. प्रत्येक टाकीला दुरून बंद होणारा व्हॉल्व्ह बसवा आणि त्याचे बटण टाकीच्या बांधाबाहेर, म्हणजे सांडलेले तेल अडवायला टाकीभोवती घातलेल्या भिंतीच्या बाहेर, ठेवा. पेट्रोलची वाफ ओळखणारे डिटेक्टर लावा. बांधात सांडलेल्या तेलावर फेस टाकणारी यंत्रणा कायमची बसवा. ‘टाकीच्या बांधाबाहेर’ हे दोन शब्द जीव देऊन शिकलेले आहेत. देशातल्या मोठ्या डेपोंना हे बदल लागू झाले, सुरक्षेचे मानक त्याप्रमाणे सुधारले. आज पानेवाडीसारख्या ठिकाणी मॉक ड्रिलच्या दिवशी भोंगा वाजतो, फोमचा मारा करणारे मॉनिटर टाकीकडे वळतात आणि माणसे वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी पट्टा पाहून बाजू घेतात. त्यामागे जयपूर आहे.

डेपोच्या आत टँकर भरण्याची जागा म्हणजे गॅन्ट्री. तिथली शिस्त एकदा नीट पाहावी. टँकरच्या सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी असल्याशिवाय गाडी आत येत नाही. इंजिन बंद होते. मग पहिले काम तेलाचे नसते: टँकरच्या अंगाला अर्थिंगचा क्लॅम्प लावतात, कारण नळीतून वेगाने पडणाऱ्या तेलात स्थिर वीज तयार होते आणि तिची एक ठिणगी पुरे असते. क्लॅम्प लागला, दिवा हिरवा झाला, मगच भरणारा पाइप मॅनहोलमधून तळापर्यंत खाली सोडतात, म्हणजे तेल उंचावरून पडून उसळत नाही. वर वाढीची जागा सोडून टाकी भरतात, झाकणे लावतात, सील करतात. मोबाइल, काडेपेटी, बिडी फाटकावरच राहिलेली असते. यातली एकही पायरी शोभेची नाही.

आणि या फाटकातून बाहेर पडल्यावर काय होते, ते २५ जानेवारी २०११ ला साऱ्या देशाने पाहिले.

त्या काळी रेशनचे निळे रॉकेल लिटरला साधारण बारा-तेरा रुपयांना होते, डिझेल चाळिशीच्या वर आणि पेट्रोल साठीच्या वर. भावातल्या या फरकावर एक अख्खा काळा धंदा उभा होता. टँकर डेपोतून निघायचा, हायवेच्या कडेच्या ढाब्यामागे थांबायचा, सील उघडायचे, पेट्रोल-डिझेल काढायचे आणि तेवढेच रॉकेल ओतायचे. म्हणजे गॅन्ट्रीवर जो जो नियम पाळला जात होता तो तो इथे मोडला जात होता. अर्थिंग नाही, बांध नाही, फोम नाही. शेजारी ढाब्याची चूल पेटलेली, माणसे बिडी ओढत उभी. हातातल्या पाइपातून प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल पडते आहे. हा गुन्हा पैशांचा आहे असे आपण समजतो. तो रोज घडवून आणलेली गळती आहे, हे कमी लोक समजतात. आणि भेसळ दोन्हीकडून मारते: रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळले गेले की त्याचा ज्वलनबिंदू खाली येतो आणि कुणाच्या तरी घरात स्टोव्हचा भडका उडतो.

मालेगावचे अप्पर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या दिवशी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, कामासाठी मनमाड भागातून चालले होते. पानेवाडीजवळ एका ढाब्यापाशी त्यांना संशयास्पद प्रकार दिसला. ते थांबले. पुरावा म्हणून मोबाइलवर चित्रण करू लागले. तिथल्या लोकांनी त्यांना मारहाण केली, अंगावर रॉकेल ओतले आणि दिवसाढवळ्या पेटवून दिले. सोनवणे यांचा जागीच मृत्यू झाला. मुख्य संशयितही त्याच आगीत भाजला आणि काही दिवसांनी दवाखान्यात मेला.

२७ जानेवारीला राज्यभरच्या अधिकाऱ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. पोलिसांनी आणि पुरवठा खात्याने राज्यात जागोजागी छापे टाकले. पुढे तपास सीबीआयकडे गेला. टँकरवर जीपीएस, रॉकेल ओळखू येईल असे मार्कर, यांची चर्चा संसदेपर्यंत गेली. पाच वर्षांपूर्वीच, २००५ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा भेसळखोर पंपचालकाने खून केला होता. तो इशारा होता आणि तो ऐकला गेला नाही. २०११ मध्येच पाइपलाइन फोडून चोरी करणाऱ्यांसाठीचा कायदा कडक करण्यात आला. रॉकेलची सबसिडी हळूहळू घटत २०२०च्या सुमारास संपली, तेव्हा या धंद्याचा पायाच ढासळला. पोलिसी छाप्यांपेक्षा भावातला फरक मिटल्याने जास्त काम झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. सोनवणे यांच्या मृत्यूआधी ते झाले असते तर एक सज्जन अधिकारी आज निवृत्तीच्या गोष्टी करत असता.

सोनवणे ज्या पदावर होते त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने सांगितले पाहिजे. भोपाळच्या १९८४च्या दुर्घटनेनंतर १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आले आणि १९९६ मध्ये रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीचे. त्यांनुसार कारखान्याच्या किंवा डेपोच्या कुंपणाच्या आत काय करायचे, ती योजना कंपनीची. कुंपणाबाहेर काय करायचे, ती जिल्हा प्रशासनाची. जिल्हा संकट गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. गावे रिकामी करायची, रस्ता वळवायचा, दवाखाने सज्ज ठेवायचे, हे सगळे महसुली यंत्रणेच्या हातात असते. म्हणजे त्या दिवशी जाळले गेले ते अशा यंत्रणेतले माणूस, जिच्याकडे आग लागल्यावर लोकांना वाचवायची जबाबदारी कायद्यानेच दिलेली आहे.

ही कुंपणाबाहेरची योजना कागदावर चांगली आहे. अंतरे मात्र कागदावर बदलत नाहीत. नाशिक महापालिकेच्या अग्निशमन दलाचे मुख्यालय शिंगाडा तलावाला. तिथून पानेवाडी ८०-९० किलोमीटर. मनमाड आणि मालेगावच्या गाड्या जवळ, पण रस्त्यावर उलटलेल्या टँकरला पुरेल एवढा फोम एखाद्या नगरपालिकेच्या बंबावर असेलच असे नाही. डेपोकडे स्वतःचा फोम, स्वतःचे पाणी, प्रशिक्षित माणसे असतात आणि शेजारच्या कंपन्यांशी परस्पर मदतीचे करार असतात. म्हणजे आज डेपोच्या आतली जागा बरीच सुरक्षित झाली आहे आणि बाहेरचा रस्ता मागे राहिला आहे.

रस्त्यावर काय होते ते १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दिसले. खंडाळ्याजवळ कुणेच्या पुलावर मिथेनॉलचा टँकर उलटला आणि पेटला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर कोसळले. मरण पावलेल्या चौघांपैकी काही जण खालच्या रस्त्याने चालले होते. वर काय झाले याची त्यांना कल्पनाही नव्हती. मिथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, भर उन्हात ती नीट दिसतही नाही. शिवाय मिथेनॉल पाण्यात मिसळते, त्यामुळे साधा फोम त्यावर टिकत नाही, विरघळून जातो. अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम लागतो. म्हणजे टँकरमध्ये काय आहे हे कळल्याशिवाय बंबावरच्या जवानाला काय मारायचे हेच ठरवता येत नाही.

वाफ गटारात शिरली की काय होते ते उरणला झाले. ३ सप्टेंबर २०१९ ला ओएनजीसीच्या प्रकल्पात पावसाच्या पाण्याच्या नाल्यात हायड्रोकार्बन साचले आणि पेटले. चौघांचा जीव गेला, त्यांतले तिघे सीआयएसएफच्या अग्निशमन शाखेचे होते. आपल्या शहरांतली गटारे झाकलेली आहेत. टँकर उलटल्यावर रस्ता धुऊन काढायची घाई होते आणि सगळे तेल गटारात जाते. वाळू टाकून ते अडवणे, नाल्याची तोंडे बंद करणे, हे पाणी मारण्याच्या आधीचे काम आहे.

नाशिक जिल्ह्याचा ताजा अनुभव इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगावचा. तिथल्या प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ ला स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे जीव गेले. त्याच कारखान्यात २१ मे २०२५ च्या मध्यरात्रीनंतर पुन्हा आग लागली. ती दिवसेंदिवस धुमसत राहिली. जिल्ह्याबाहेरून बंब आले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले. सगळ्यांचे लक्ष मात्र आगीपेक्षा आवारातल्या गॅसच्या टाकीकडे होते. गॅसच्या टाकीला बाहेरून आच लागली की आतला द्रव उकळतो, दाब वाढतो आणि जिथे आतून द्रव नाही तिथला पत्रा मऊ पडून फाटतो; मग सगळा गॅस एकदम पेटतो. म्हणून टाकीवर अखंड पाणी मारायचे, आणि आसपासच्या वस्तीला आधी हलवायचे. या वेळी लोकांना हलवण्यात आले. मनुष्यहानी झाली नाही. वेळ मिळाला आणि तो वापरला गेला.

कधी वेळच मिळत नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये संभाजीनगर रस्त्यावर मिरची हॉटेलच्या चौकात खासगी बस आणि ट्रकची धडक झाली, बस पेटली आणि बारा जण गेले. तिथे उपाय आधीचेच असतात: चौकातला वेग आणि बसमधले बाहेर पडायचे दार.

२०२६-२७ चा सिंहस्थ आता तोंडावर आहे. मनमाडहून निघणारे टँकर आणि भाविकांच्या गाड्या एकाच रस्त्यांवर येणार आहेत. त्याआधी नाशिक-मनमाड-मालेगाव या पट्ट्यात फोम आणि श्वासाचे संच असलेले बंब ठरावीक अंतरावर उभे राहिले पाहिजेत, आणि ढाबेवाले, पंपावरचे कामगार, पाइपलाइनच्या कडेचे शेतकरी, सरपंच यांना प्रत्यक्ष शिकवले पाहिजे. बंब येईपर्यंतचा सगळा वेळ त्यांच्याच हातात असतो. २५ जून २०१७ ला पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरचे पेट्रोल भरून न्यायला माणसे कॅन घेऊन जमली आणि दोनशेहून अधिक जण जळून गेले. कॅन घेऊन धावायची ही सवय आपल्याकडेही आहे.

म्हणून वाचकांना एवढेच सांगायचे आहे. रस्त्यात टँकर उलटलेला दिसला तर गाडी लांब थांबवा, इंजिन बंद करा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि चढाकडे जा. फोटो काढायला जवळ जाऊ नका, कॅन घेऊन येणाऱ्यांना अडवा. मग ११२ ला फोन करा. टँकरच्या मागे आणि बाजूला नारिंगी-पांढरी पाटी असते. तिच्यावर ‘३ वाय ई’सारखी अक्षरे असतात: तीन म्हणजे फोम वापरा, ई म्हणजे आसपासची माणसे हलवायचा विचार करा. त्याखाली चार आकडे असतात. लांबून वाचता आले तर ते आकडे फोनवर सांगा. १२०३ असेल तर पेट्रोल, १२०२ असेल तर डिझेल, १२२३ असेल तर रॉकेल, १२३० असेल तर मिथेनॉल आणि १०७५ असेल तर एलपीजी.